उमेदवारीची अकरा वर्षं

नेसरी,
१२ डिसेंबर

मामा, शरणु शरणार्थी.

पत्र उघडल्या उघडल्या तांबडी शाई शोधू नका. आधी बातमी वाचा. कालच्या मेळाव्यात अमरदादांनी माइकवरनं सांगितलं, आपला गट बायकांसाठी राखीव झालाय आणि जिल्हा परिषदेला पक्षाकडून आमची दानेश्वरी उभी राहणार. चारशे माणसांसमोर! टाळ्या ऐकून अव्वाला वाटलं, तिच्या लेकीला कसलंतरी बक्षीस लागलं. रुद्रेश दुधाचा टेम्पो डेअरीवर लावून थेट मंडपात आला आणि खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. नवऱ्याची इतकी लाज वाटली मला, आणि इतकं बरंही वाटलं.

अकरा वर्षं झाली, मामा. सतरंज्या मी घातल्या, मतदारांच्या चिठ्ठ्या मी वाटल्या, सभेला बायका मी नेल्या, आणि फोटोत मी कायम कुणाच्यातरी कोपराच्या मागं. आता पहिल्यांदा माझं नाव पुढं असेल.

पण आनंदात खडा टाकणारा एखादा असतोच. पिराजीआबा डेअरीवर दूध घालता घालता म्हणाला, "दाने, लई हुरळू नगंस. अजून तू इच्छुक हायस. उमेदवार व्हायला टायम हाय." सगळ्या हसल्या. मला राग आला. घरी आल्यावर मात्र वाटलं, खरंच, या शब्दाचा अर्थ तरी काय? अर्ज भरायच्या दिवशी चावडीपुढं मला पाच मिनिटं बोलायचंय. रस्ता, पाणी, गटार यावर सगळेच बोलतात. मी या शब्दावरनं सुरुवात करीन म्हणते. तुम्ही छत्तीस वर्षं मराठी शिकवलंत, आता मोडीतली जुनी दप्तरं वाचत बसता. तुम्ही नाही सांगणार तर कोण? फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकून घेत नाही.

दुसरं काम. रुद्रेशनं तालुक्याहून लागतील त्या कागदांचा अख्खा जुडगा आणलाय. जिथं जिथं पेन्सिलची फुली आहे तिथं मी सह्या करून टाकल्यात. आज्जाच्या काळापासनं आपल्या घरची रीतच ती. खाली ज्याची त्याची सही नाहीतर अंगठा, आणि वर मामाचं अक्षर. माझा शाळेचा अर्ज, लग्नाची नोंद, डेअरीचे कागद, सगळं तुमच्याच हातचं. हेही भरा. आणि माझं नाव सुचवणारा सूचक लागतो, तिथं तुम्हीच सही करा. तुमचं मत अजून गावातच आहे, ते काय लोणच्याला ठेवलंय?

अव्वा माझ्याशेजारीच बसलीय. "चनबसूला सांग, गोळ्या येळंवर घे," म्हणते.

तुमची भाची,
दानी

*

शाहूपुरी, कोल्हापूर,
१८ डिसेंबर

चि. दानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

तांबडी शाई वापरलीच. अकरा चुका निघाल्या. वर्षाला एक, असं समजतो आणि सोडून देतो.

आता तुझा शब्द. उमेदवार हा फारसीतून आलेला पाहुणा. 'उमेद' म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला माणूस. संपलं. त्यात खुर्ची नाही, गाडी नाही, गुलाल नाही. इंग्रजांच्या 'कँडिडेट' शब्दाचं मूळ पांढऱ्या कपड्यात आहे म्हणतात. जुन्या रोममध्ये पद मागणारे लोक पांढरेशुभ्र झगे घालून हिंडायचे. आपण त्यांचा कपडा तेवढा उचलला, शब्द मात्र आशेचा ठेवला. मराठीनं त्यात स्वतःची भरही घातली. 'ऐन उमेदीत' किंवा 'उमेदीची वर्षं' म्हणतो तेव्हा आपल्याला नुसती आशा म्हणायची नसते, अंगातली धमकही म्हणायची असते.

तेव्हा पिराजीला माझा निरोप सांग. इच्छुकाला नुसती इच्छा असते, ती घरी बसूनही होते. उमेदवाराला आशा धरून राबावं लागतं. तू ज्या दिवशी पहिली सतरंजी उचललीस त्याच दिवशी उमेदवार झालीस. हे वाक्य चावडीपुढं म्हण, टाळी पडेल. मात्र पक्षाचा अधिकृत फॉर्म हातात पडेपर्यंत पेढे वाटू नकोस.

कागद मिळाले, भरतो आहे. जुडग्यात माघारीचा अर्जही होता आणि तू त्यावरसुद्धा झोकात सही करून ठेवली आहेस! वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मी वर्गात हजार वेळा सांगितलं आणि घरात सांगायचं राहून गेलं. तो वेगळा ठेवला आहे, फाडून टाकीन.

एक आनंदाची गोष्ट. वीरेश हल्ली सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्या खोलीत येऊन बसतो. आम्ही चहा घेतो. तुझी मामी गेल्यापासून दोन वर्षांत त्यानं या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. पोटच्या पोराच्या घरात राहून मी शेजाऱ्यासारखा होतो. तुझीही चौकशी करतो. काम कसं चाललंय, कुठल्या गावात किती बायका पाठीशी आहेत, सगळं विचारतो. म्हातारपणी एवढंसं कुणी बोललं तरी पोट भरतं बघ.

अक्काला सांग, गोळ्या घेतो.

तुझा,
चनबसाप्पा मामा

*

नेसरी,
२९ डिसेंबर

मामा, शरणु शरणार्थी.

तुमचं वाक्य मी चावडीपर्यंत राखून ठेवणार होते, पण जिभेला कुठला धीर? डेअरीवरच म्हणून टाकलं. पिराजीआबानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मास्तरनं लिवून दिलं आसंल." पण बायकांनी टाळ्या वाजवल्या. तानाबाई तर आता मला "ओ आशावाल्या बाई" म्हणूनच हाक मारते.

नऊ गावं फिरून झाली. रविवारी आम्ही सतरा जणी जोतिबाला जाऊन आलो. तिथं गुलाल उधळताना तानाबाई म्हणाली, "पक्षानं फॉर्म दिला तर दिला, न्हाईतर तू आपली एकटी उभी ऱ्हा. आमी हाय की!" मी म्हटलं, असं अभद्र बोलू नका. अमरदादा आठवडाभर फोन उचलत नाहीत हे खरं, पण निवडणुकीच्या धांदलीत कुणाकुणाचे उचलणार?

आणि तुम्ही बोलला नाहीत ते! वीरेशदादा आणि सौंदर्यावहिनी सहा वर्षांनी गावात आले. चार दिवस राहिले. गावच्या मतदारयादीत दोघांनी वर्षापूर्वीच नाव घालून घेतलंय म्हणे, मला पत्ताच नाही. गावाची ओढ सुटत नाही शेवटी. मी शेंगापोळ्या केल्या. वहिनी माझ्याबरोबर गल्लीगल्लीतनं हिंडल्या, सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडल्या. जाताना म्हणाल्या, "दानीताई, तुमची वही द्या की, आमी पण शहरातनं फोन करतो बायकांना." म्हणून माझी वही दिली. त्यात घराघरातल्या बायकांची नावं, कुणाचं कुणाशी पटतं, कुणाच्या सुनेला काय हवंय, सगळं अकरा वर्षांचं आहे. मला सख्खी बहीण नाही, मामा. वहिनीला वही देताना बहीण मिळाल्यासारखं वाटलं.

वीरेशदादाला माझ्याकडनं सांगा, तुझे उपकार विसरणार नाही.

दानी

*

शाहूपुरी, कोल्हापूर,
६ जानेवारी

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. सौंदर्याला वही दिलीस, ते वाचलं.

तुझ्या शब्दाचा आणखी एक अर्थ सांगायचा राहिला होता. जुन्या काळी कचेरीत जो बिनपगारी राबायचा त्यालाही उमेदवार म्हणत. दौत भरायची, कागद वाळवायचे, मोठ्या कारकुनाच्या घरची भाजीसुद्धा आणून द्यायची. कधीतरी जागा रिकामी होईल आणि आपल्याला चिकटवून घेतील, एवढीच आशा. कुणी दोन वर्षं काढायचा, कुणी दहा. जागा रिकामी झाली की बरेचदा कारकुनाचा पुतण्या येऊन बसायचा. आजही जाहिरातीत 'शिकाऊ उमेदवार' वाचतेस ना, तो त्याच घराण्यातला. हा अर्थ भाषणात घेऊ नकोस.

राजकारण हे असं क्षेत्र आहे की तिथं शब्द दिला म्हणजे मिळालाच असं नसतं. पक्षाचं काही वेगळं ठरलं तर मनाला लावून घेऊ नकोस. घरातलं माणूस मोठं झालं तर आपणही मोठे होतो, असं समजावं.

सतरा तारखेला मी येतो. कागद तयार आहेत.

प्रकृती ठीक.

चनबसाप्पा

*

नेसरी,
१८ जानेवारी

मामा,

काल तुम्ही वीरेशदादाच्या गाडीतनं निघून गेलात, माझ्याशी बोलला नाहीत. रागावू नका, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अर्ज भरायला आपण दोघं कचेरीत रांगेत होतो. माझा अर्ज आत गेला, पावती मिळाली, आणि मी पक्षाच्या फॉर्मची वाट बघत आवारात उभी होते. अमरदादा आले. पाकीट काढलं आणि माझ्या अंगावरनं पुढं जाऊन सौंदर्यावहिनीच्या हातात दिलं. हलगी वाजायला लागली. मला वाटलं, वहिनी ते आणून मला देणार! मी हातसुद्धा पुढं केला, मामा. तानाबाईनं माझा हात धरून खाली घेतला.

अमरदादा वर मलाच म्हणतात, "दानेश्वरी, घरातच ऱ्हायलं न्हवं? मग झालं तर." वीरेशदादा माझ्याकडं बघत नव्हता. वहिनींच्या काखेत माझी वही होती.

तुम्ही माझ्या शेजारी उभे होता आणि खाली बघत होता. मी रात्रभर विचार केला. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही माझ्यासाठी सूचक म्हणून सही कशाला केली असती? तुम्हालाही त्यांनी फसवलं. सख्ख्या बापाला! माझ्यापेक्षा तुमचंच मला वाईट वाटतंय.

पण माझा अर्ज आत आहे. आता अपक्ष तर अपक्ष. काल संध्याकाळी दारात साठ बायका आल्या होत्या. पिराजीआबासुद्धा आला आणि म्हणाला, "आता झालीस बघ उमेदवार. माझं मत तुला." मला रडू फुटलं. माघारीची मुदत चोवीस तारखेला दुपारी तीनपर्यंत आहे. 'घे माघार' म्हणून दिवसाला चाळीस फोन येतात. मी घेणार नाही. तुम्ही फक्त एवढं करा, वीरेशदादाला सांगा, दानीच्या वाटेला जाऊ नको. तुमचं तो ऐकेल.

तुमची,
दानी

*

नेसरी,
२५ जानेवारी

मामा,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. ते का आलं नाही हे मला काल दुपारी कळलं.

चार वाजता उमेदवारांची यादी लागली. मी चिन्ह घ्यायला गेले होते. माझं नाव नव्हतं. वाटलं, खालच्या ओळीत असेल. रुद्रेशनं बोट फिरवत दोनदा वाचलं. मग मी आत गेले आणि ओरडले, हो, ओरडले. साहेब चांगला माणूस होता. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि कागद पुढं ठेवला. "उमेदवारानं सही केलेला अर्ज सूचकानं आणून दिला तर आम्हाला घ्यावा लागतो," म्हणाला.

सही माझी होती. वर तुमचं अक्षर होतं. माझ्या नावातला तो डौलदार 'श्व' मी हजार कागदांवर बघितलाय, अंधारातसुद्धा ओळखीन. "मी स्वखुशीने उमेदवारी मागे घेत आहे." एकही चूक नव्हती, मामा. वेळ दोन वाजून चाळीस मिनिटं.

तुम्ही लिहिलं होतं, फाडून टाकीन.

अमरदादानं फसवलं, ते परके. वीरेशदादानं फसवलं, त्याला मी मनातनं कधीच धरलं नव्हतं. पण तुम्ही? मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि तुमच्यासाठी वाईट वाटून घेत बसले! साठ बायका माझ्या दारात आल्या होत्या. आज गावात बोलतात की दानीनं पैसे खाल्ले आणि बसली. तानाबाई सकाळी डेअरीवर आली, दूध घातलं आणि माझ्याशी न बोलता गेली. तिला मी काय सांगू? माझ्या मामाचं अक्षर चांगलं आहे म्हणून सांगू?

ही माघार मी घेतली नाही, असं मी तिथं सगळ्यांसमोर बोलले आहे. साहेबानं गुरुवारी लेखी जबाब द्यायला बोलावलंय. माघार माझी नाही असं मी लिहून दिलं तर प्रकरण पोलिसात जाईल, असंही सांगितलं.

तुम्ही का केलंत, एवढंच लिहा. अलंकार नकोत.

दानेश्वरी

*

शाहूपुरी, कोल्हापूर,
२७ जानेवारी

चि. दानेश्वरी,

पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून हे पत्र गावाकडं येणाऱ्या माणसाच्या हाती देतो आहे.

सौंदर्याचं ठरलंय हे मला एक तारखेला कळलं. तुला लिहायला तीनदा बसलो आणि प्रत्येक वेळी दुसरंच काही लिहिलं. तू अर्ज भरलास तेव्हा वाटलं, सूचक म्हणून आपण सही केली, आपलं कर्तव्य झालं. तो माघारीचा कागद मी फाडला नव्हता. का फाडला नव्हता हे मला सांगता येत नाही. खरं तर येतं, पण लिहिण्याची लाज वाटते.

तेवीस तारखेला वीरेश खोलीत आला. म्हणाला, "बाबा, दानी ऱ्हायली तर बायकांची मतं तिलाच पडणार. सौंदर्या पडली तर मी पुन्हा उभा ऱ्हात न्हाई." मी नाही म्हणालो. एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेव, मी एकदा नाही म्हणालो. त्यानं भरलेला कप तसाच ठेवला आणि दार ओढून घेतलं. त्या संध्याकाळी माझं ताट कुणी न बोलता दाराशी ठेवून गेलं. त्या ताटाकडं बघत मी बसलो. आणखी दहा-बारा वर्षं असं ताट, असं मनात आलं. सकाळी मीच दुकानात जाऊन म्हणालो, गाडी काढ.

हे कारण आहे. लहान आहे, मला माहीत आहे.

आता तू पुढचा विचार कर. जबाबात काय सांगायचं ते तूच ठरव, मी काही सुचवत नाही. सही तुझीच आहे, तेव्हा तुझ्यावर खोटं बोलायची वेळ येत नाही, एवढं लक्षात आणून देतो. पुढच्या खेपेला तुझंच नाव, असा शब्द वीरेशनं दिला आहे. तू अजून उमेदीत आहेस.

अक्काला यातलं काही सांगू नकोस. तिला सोसणार नाही.

चनबसाप्पा

*

नेसरी,
३१ जानेवारी

चनबसू,

मी सांगत्या आणि दानी लिवत्या. ती म्हणत हुती, मी न्हाई लिवणार. मी म्हटलं, लिव. मी बोलत्या तसंच लिव, सुधारू नगंस.

तुझी सगळी पत्रं मी दानीकडनं वाचून घेतली. अक्काला सांगू नगंस म्हणून लिवलंस, ते बी वाचून घेतलं. मला सोसतंय का न्हाई ते तू नगं ठरवूस.

बुधवारी मीच तिला म्हटलं, दाने, माझ्या भावाला पोलिसात नगं देऊस. त्याला मी कडंवर घेऊन वाढीवलाय. ती भाकरी थापत ऱ्हायली.

बेस्तरवारी आम्ही कचेरीत गेलतो. सायबानं कागद म्होरं धरला. बाई, सही तुमची का? माघार तुम्हीच घेतली का? दानीनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं खाली. तू कसा बघितलास, तसंच. मग ती म्हणाली, व्हय, सही माझी हाय, माघार मीच घेतली, त्या दिवशी रागात बोलले. सायबानं लिवून घेतलं. भाईर आल्यावर ती भिताडाला धरून वकली. रुद्रेश पाणी आणाय पळाला. मी तिची पाठ चोळत हुते, आणि तवा मला कळलं, भावाला सोडवताना मी लेकीला काय कराय लावलं.

तिच्यावर खोटं बोलायची येळ येत न्हाई, म्हणून लिवलंस. आली की रं. तू काय खोटं बोलला न्हाईस. तुझं खोटं तिनं बोललं. आता गाव तिला इकली गेलेली म्हणतंय, आणि तिला तोंड उघडाय येत न्हाई, जलमभर.

काल सौंदर्या मत मागाय दारात आली. मी कुकू लावलं. ती लोकाची लेक, तिला काय बोलू? दानी आत जाऊन बसली.

आई-बा गेल्यापास्नं तुझं घर ते माझं माहेर. अठ्ठावीस वर्सं तू मला पंचमीला न्यायला येतोस, एकबी साल चुकीवलं न्हाईस. एस्टी दुपारची, पर मी सकाळधरनं लाडवाची पिशवी घेऊन कट्ट्यावर बसत्या. दानी हसत्या मला.

औंदा येऊ नगंस. आलास तर हाकलून देणार न्हाई. पाणी दीन, जेवाय वाढीन, बस म्हणीन. पर मी कट्ट्यावर बसलेली दिसणार न्हाई.

तुझी अक्का,
अक्काताई